जुना कपडा, घेणारीचा मान

बोहारीण दारात आली की जुन्या साडीवर भांडं घेताना आपण घासाघीस करतो, कारण तो व्यवहार असतो. संस्थेच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात अर्धवेळ काम करताना हेच लक्षात ठेवा. कपडा उजेडात धरून डाग, उसवण, चेन, गुंड्या बघा, खिसे तपासा. धड असेल तो धुऊन मांडा, विरलेलं सुती लुगडं गोधडीला ठेवा. फुकट म्हटलं की बाई संकोचते. दहा रुपये लावले की भाव करते. १९९९ मध्ये सुरू झालेली ‘गूंज’ संस्थाही गावच्या श्रमदानाचा मोबदला म्हणून कपडे देते. आपलेही तास वहीत लिहा, पैसे आधी ठरवा. आणि आपल्या लेकीला घालणार नाही, तो कपडा दुकानात मांडू नका.