अहेरीची चार मिनिटं

रमजानच्या पहाटे चारच्या सुमारास अहेरीतल्या मुस्लिम घरांत दिवे लागतात. सहेरीची, म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वीच्या जेवणाची गडबड सुरू होते. तव्यावर पराठा असतो, चहा उकळत असतो, आणि घरातल्या प्रत्येकाची नजर अधूनमधून भिंतीकडे जाते. तिथे एक घड्याळ असतं. दिसायला साधं, पण दिवसातून पाच वेळा ते अजान देतं.

प्रत्येक घरात हौसेनं विकत घेतलेली आणि नंतर माळ्यावर गेलेली यंत्रं असतातच. रोटीमेकर, ज्यूसर, गुडघे चोळायचं मालिश यंत्र. सुरुवातीचे आठ दिवस कौतुक, मग खोक्यात. अजानचं घड्याळ मात्र भिंतीवरून उतरत नाही. रमजान संपला तरी नाही. वर्षाचे सगळे दिवस, रोज पाच वेळा कामाला येणारं यंत्र घरात दुसरं कोणतं असेल? मिक्सरसुद्धा इतका चालत नाही.

हातात मोबाइल असताना वेगळं घड्याळ कशाला, असं शेजारच्या काकूंना वाटू शकतं. उत्तर दक्षिण गडचिरोलीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पावसा-वाऱ्यात वीज जाते, नेटवर्क जातं, मोबाइलची बॅटरी ऐन वेळी मान टाकते. हे घड्याळ साध्या सेलवर चालतं आणि त्याला नेटवर्क लागत नाही. दुसरं कारण कायद्याचं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. पहाटेची फज्रची अजान नेमकी त्याच वेळेत येते. मशिदीपासून लांबच्या घरात ती पोहोचणार कशी? मग भिंतीवरचं घड्याळच कामाला येतं.

पण हे घड्याळ विकत आणून खिळ्याला टांगलं की झालं, असं नाही. त्याला आपण कुठे आहोत हे सांगावं लागतं. नमाजच्या वेळा सूर्यावरून ठरतात. क्षितिजावर पहिला उजेड पसरला की फज्र आणि सूर्य मावळला की मगरिब. याच मगरिबला रोजा सोडतात. दुपारनंतरच्या असरची वेळ तर वस्तूच्या सावलीच्या लांबीवरून काढतात. हनफी पंथात सावली वस्तूच्या दुप्पट झाल्यावर ती सुरू होते, इतर पंथांत एकपट झाल्यावर. मध्यान्हीला जी मूळ सावली असते, ती यात धरत नाहीत. पहाटेचा उजेड कधी पसरतो याचंही गणित आहे. आपल्याकडे बहुतेक वेळापत्रकं सूर्य क्षितिजाखाली 18 अंशांवर असतो तो क्षण धरतात.

घड्याळात शहरांची यादी असते. तीत मुंबई, हैदराबाद, नागपूर अशी मोठी नावं सापडतात. अहेरी कुठून सापडणार? आणि इथेच खरी अडचण सुरू होते.

पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. अहेरी साधारण 80 अंश रेखांशावर आहे, मुंबई 73 अंशांच्या जरा अलीकडे. सारा देश घड्याळात एकच वेळ पाळतो, पण सूर्य अहेरीला मुंबईच्या सुमारे अठ्ठावीस मिनिटं आधी येतो. मुंबईच्या नातेवाइकांनी प्रेमानं भेट दिलेलं, तिकडेच लावून दिलेलं घड्याळ कुणी तसंच टांगलं, तर संध्याकाळी रोजेदार अर्धा तास उगाच उपाशी राहील. ते एक वेळ चालेल. पहाटे मात्र उजेड पसरून गेला तरी तो निवांत जेवत बसेल आणि त्याचा रोजाच धरला जाणार नाही.

एवढी मोठी चूक लगेच ध्यानात येते, कारण समोर उजाडलेलं दिसतं. फसवी चूक नागपूरची. आपला विदर्भच आहे, जवळचंच शहर आहे, म्हणून माणूस यादीतून नागपूर निवडतो. नागपूर अहेरीच्या जवळपास एक अंश पश्चिमेला आहे. फरक तीन-चार मिनिटांचा. डोळ्यांना तो कळत नाही, घड्याळ अगदी विश्वासानं अजान देत राहतं. संध्याकाळी इफ्तारला तीन-चार मिनिटं उशीर होतो, त्यात बिघडत काही नाही. सहेरीलाही तेवढाच उशीर होतो, आणि तिथे बिघडतं. रोज पहाटे शेवटचा पाण्याचा घोट वेळ संपल्यावर घशाखाली जातो. दिवसभर तहान सोसणाऱ्याला हे नंतर कळलं तर काय वाटेल, ते सांगायला नको.

बरं, हा फरकसुद्धा वर्षभर सारखा राहत नाही. नागपूर अहेरीच्या उत्तरेलाही आहे. उत्तरेकडे उन्हाळ्यातला दिवस जास्त मोठा आणि हिवाळ्यातला जास्त लहान असतो. त्यामुळे डिसेंबरात दोन्हीकडे सूर्य जवळपास एकाच वेळी मावळतो, तर जूनमध्ये नागपुरात तो सुमारे सात मिनिटं उशिरा मावळतो. रमजान तर सगळ्या ऋतूंतून फिरतो. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून महिना दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत फेरी पुरी करतो. 2030 मध्ये तर जानेवारीच्या सुरुवातीला एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा, असा एकाच वर्षात दोनदा रमजान सुरू होईल.

यावर उपाय सोपे आहेत. ज्या घड्याळात अक्षांश-रेखांश भरता येतात, तिथे अहेरीचे भरावेत. गडचिरोली हे नाव मिळालं तर तेही चालण्यासारखं आहे, कारण ते अहेरीच्या जवळजवळ थेट उत्तरेला, त्याच रेखांशावर आहे. यांपैकी काहीच जमलं नाही तर मशिदीत मिळणारा वेळापत्रकाचा कागद घड्याळाशेजारी चिकटवावा आणि चालावं त्या कागदावर. अशा कागदाच्या तळाशी पुष्कळदा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, अमुक गावासाठी इतकी मिनिटं वाढवा, तमुकसाठी कमी करा. सगळ्यात आधी वाचायला हवी ती हीच ओळ, आणि वाचायची राहते तीही हीच.

वेळ सांगणाऱ्या यंत्राची ही गरज आजची नाही. मोठ्या मशिदींत पूर्वी मुवक्कित, म्हणजे वेळेचा हिशेब ठेवणारा जाणकार नेमलेला असे. दमास्कसच्या उमय्या मशिदीचा मुवक्कित इब्न अल-शातिर हा मोठा खगोलशास्त्रज्ञ होता. त्यानं 1371 च्या सुमारास तिथल्या मिनारासाठी संगमरवरी छायाघड्याळ केलं. त्याआधी काही वर्षं त्यानं एक छोटी पेटीही बनवली होती. तीत होकायंत्र होतं, छायाघड्याळ होतं, आणि ती सोबत नेऊन नमाजची वेळ काढता येत असे. भिंतीवरच्या घड्याळाची ही सहाशे वर्षांपूर्वीची आजी म्हणायला हरकत नाही.

रमजानमध्ये खिशाखिशांत दिसणारं आणखी एक यंत्र म्हणजे बोटात घालायचा डिजिटल काउंटर. अंगठीसारखा, वर एक बटण आणि आकडा दाखवणारी छोटी पट्टी. नमाजनंतर सुबहानल्लाह 33 वेळा, अलहम्दुलिल्लाह 33 वेळा आणि अल्लाहू अकबर 34 वेळा म्हणतात, त्याचा हिशेब तो ठेवतो. तरावीहची लांब नमाज आटोपून घरी चालत येताना अंधारात बटणाची टिकटिक ऐकू येते. हेच यंत्र देवळाबाहेरच्या दुकानात नामजपासाठी विकतात. तिथे हिशेब 108 चा. वस्तू तीच, आकडा वेगळा. बोटांच्या पेरांवर मोजणारी जुनी मंडळी मात्र दोन्हीकडे आहेत, आणि त्यांच्याकडून चुकून ‘रिसेट’चं बटण दाबलं जाण्याची भीती नाही.

शेवयांच्या यंत्राचं तर काय सांगावं! पाटाला किंवा बाजेला स्क्रूनं आवळायचं, वरून पीठ भरायचं आणि दांडा फिरवायचा. वर्षातून थोडेच दिवस चालतं, पण त्या दिवसांत ते एका घरात थांबत नाही. ईद उन्हाळ्याच्या तोंडावर आली की शेजारणींच्या उन्हाळी शेवयांची वेळही तीच. यंत्र या दारातून त्या दारात जातं आणि दांड्यावर सगळ्यांचा हात बसतो. यांच्या शेवया शीरखुर्म्यात जातात, त्यांच्या डब्यात.

आणि एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी घड्याळाचं एक काम उरतंच. त्याची हिजरी तारीख गणितावर चालते, ईद मात्र चंद्र दिसल्यावर ठरते. घड्याळ कधी एक दिवस पुढे असतं, आणि पाहणारे तर गच्चीवर असतात. चंद्र दिसला नाही की घरातला एखादा मुलगा स्टुलावर चढतो, मागचं बटण दाबतो आणि तारीख एक दिवस मागे घेतो. स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अरे, तारीखच बदल रे, शहराला हात लावू नको!”