हप्ता महिन्याचा, पगार आठवड्याचा

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्यानं बाहेर पडलं की कुंभारीच्या माळावर एकसारख्या घरांच्या रांगा दिसू लागतात. शहरातला रिक्षावाला या भागाला अजूनही 'विडी घरकुल'च म्हणतो. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं उभी राहिलेली दहा हजार घरांची ही वसाहत. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते विडी कामगार बायकांना तिथल्या घरांचा ताबा मिळाला. एका घराची किंमत साठ हजारांच्या घरात होती. वीस हजार केंद्रानं दिले, वीस हजार राज्यानं आणि उरलेले वीस हजार विड्या वळणाऱ्या हातांनी.

त्याच कुंभारीत पुढे 'रे नगर' आलं. माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला हा ३० हजार घरांचा प्रकल्प. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, रिक्षाचालक असे असंघटित लोक त्याचे सभासद. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सोलापुरात येऊन पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांनीच पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण केलं. लहानपणी आपल्यालाही असं घर मिळालं असतं तर, असं म्हणताना त्यांचा कंठ दाटून आला. ती चित्रफीत देशभर फिरली.

चित्रफितीत हिशेब नव्हता. पायाभरणीच्या वेळी जाहीर झालेला खर्च १,८११.३३ कोटी रुपयांचा होता. त्यातले ७५० कोटी केंद्र आणि राज्य मिळून देणार होते, म्हणजे घरामागे अडीच लाख. उरलेली रक्कम ३० हजार घरांना सरसकट वाटली तर एकेकाच्या वाट्याला साडेतीन लाखांच्या वर आकडा येतो. वीस हजारांपासून साडेतीन लाखांपर्यंतचा हा प्रवास पायाभरणी ते पायाभरणी धरला तर पंधरा-वीस वर्षांचा. विडीची मजुरी त्या वेगानं वाढलेली नाही, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

साडेतीन लाखांचं कर्ज १० टक्के दरानं १५ वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,७६० रुपये पडतो. हा आकडा फार मोठा वाटत नाही. अडचण आहे ती 'महिन्याचा' या शब्दात. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून एमआयडीसीपर्यंत, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत पैसे हातात येतात ते आठवड्याला किंवा पंधरवड्याला, तेही उत्पादनावर. विडीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते. बँकेची तारीख मात्र महिन्याची, पाच नाहीतर दहा.

एक साधं गणित मांडू. समजा, एका माग कामगाराला आठवड्याला ३,५०० रुपये मिळतात. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर १ लाख ८२ हजार होतात, म्हणजे महिन्याला १५ हजारांहून थोडे जास्त. कर्ज देणारा हाच आकडा कागदावर लिहितो. पण गड्ड्याची जत्रा, दिवाळी, मे महिन्यातली लग्नं, सुताचे भाव चढले म्हणून बंद ठेवलेले माग आणि एखादं आजारपण मिळून वर्षाला सहा आठवडे सहज बुडतात. ४६ आठवड्यांचे होतात १ लाख ६१ हजार, म्हणजे महिन्याला १३,४०० च्या आसपास. हप्ता ठरवायचा तो या आकड्यावर. त्याच्या एक तृतीयांशाच्या वर हप्ता गेला की कुठे ना कुठे उसवणार, बहुधा किराणा दुकानदाराच्या वहीत.

आठवड्याच्या पगाराची एक गंमतही आहे. घरखर्च महिन्याला चारच आठवड्यांच्या पैशांत भागवायची सवय लागली, तर वर्षाकाठी चार आठवड्यांचे पैसे मोकळे राहतात, कारण बारा चोक ४८. बुडालेल्या आठवड्यांची भरपाई पुरी होत नाही, पण निम्म्याहून अधिक होते. मासिक पगारवाल्यांना ही सोय नाही.

घर घेण्याआधी जुन्या देण्यांचा सोक्षमोक्ष लावावा लागतो, आणि सोलापुरात ही देणी तीन-चार दारांत विखुरलेली असतात. मालकाकडून घेतलेली उचल, भिशी, सोनं गहाण ठेवून काढलेले पैसे आणि बायकांच्या गटावर दिलेलं 'फायनान्स'चं कर्ज. उचल आणि भिशी कुठल्याच नोंदीत नसते. गटाचं कर्ज मात्र सिबिलसारख्या पतनोंदीत जातं, हे अनेक घरांना गृहकर्जाचा अर्ज फेटाळला गेल्यावर कळतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूक्ष्म कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून त्या कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या पुढे जाता कामा नयेत. नियम म्हणून तो ठीकच आहे. पण निम्मं उत्पन्न आधीच हप्त्यांत अडकलेल्या घरानं वर गृहकर्ज घ्यायचं ठरवलं, तर घर चालवायला काय उरतं ते त्या घरातल्या बाईला विचारावं.

उत्पन्नाचा पुरावा ही दुसरी अडचण. बँक पगारपत्रक मागते, फॉर्म सोळा मागते आणि कामगाराकडे यातलं काहीच नसतं. इथे विडीवाली मागवाल्याच्या एक पाऊल पुढे असते, कारण विडी धंद्याला भविष्य निर्वाह निधी १९७७ पासून लागू आहे. नावावर पीएफ नंबर असेल आणि पासबुकात नियमित भरणा दिसत असेल, तर तो कागद पगारपत्रकाच्या जवळपास जातो. रोखीनं घेतलेला पगार त्याच दिवशी बँक खात्यात भरून मग लागेल तसा काढला, तरी वर्षभरात पासबुक बोलू लागतं. कागदाविना उत्पन्न मान्य करणाऱ्या गृहकर्ज कंपन्याही आहेत, पण त्यांचा व्याजदर बँकेपेक्षा चढा असतो. वर्षभर थांबून पासबुक तयार करणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

साठवलेले पैसे ठेवायचे कुठे, याचा धडा सोलापूरकरांना फार लांब जाऊन शिकावा लागला नाही. २२ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेनं सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं तेव्हा जाहीर झालं होतं. हा विमा बँकेमागे माणशी पाच लाखांपर्यंतचा आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो फक्त एक लाखाचा होता. उरलेल्या एका टक्क्यात साहजिकच पाच लाखांहून मोठ्या ठेवींची माणसं आली. घरासाठी जमवलेली सात-आठ लाखांची पुंजी एकाच खात्यात असणारा माणूस नेमका त्यांच्यातला. आणि कोपऱ्यावरची पतसंस्था या विम्यात येतच नाही, मग पाटी कितीही मोठी असो.

पुंजी किती लागते याचा अंदाजही बहुतेकांचा चुकतो. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, म्हणून लोक दहा टक्के जमवतात आणि निघतात. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत सहसा धरला जात नाही. मूळ मुद्रांक शुल्क पाच टक्के, त्यावर स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. वीस लाखांच्या फ्लॅटला ती वीस हजारांची. वकील, वीजमीटर, दारं-खिडक्यांच्या जाळ्या हे वेगळंच. शिवाय सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत आलं आहे, त्यामुळे जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि मोटर हा ऐषआराम राहत नाही. पुण्याच्या माणसाला घराच्या हिशेबात टाकीचा स्वतंत्र रकाना कशाला, ते समजत नाही.

१९९२ साली सोलापूरची हद्द वाढली, तरी तेव्हा शहरात आलेल्या भागाला लोक आजही 'हद्दवाढ' याच नावानं ओळखतात. तिथे तुकड्यानं विकलेल्या गुंठेवारीच्या जागा पुष्कळ आहेत आणि त्या स्वस्त पडतात, म्हणून मोह होतो. नोटरीपुढे शंभराच्या स्टँपवर झालेला कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. शंभर रुपयांच्या वरच्या मिळकतीची विक्री नोंदणी कार्यालयातच व्हावी लागते. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं तो डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. जागा नियमित झाल्याचा कागद नसेल तर बँक दारात उभं करत नाही, आणि बँकेनं नाकारलेली जागा उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईकही रोखवालाच शोधावा लागतो.

आता हप्त्याच्या पोटात काय असतं ते पाहू. २०२० च्या मे महिन्यापासून दोन वर्षं रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवर होता. त्या स्वस्ताईत कोणी २५ लाख, २० वर्षांसाठी, सात टक्क्यांनी घेतले असतील तर हप्ता १९,३८२ रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो अडीच टक्क्यांनी चढला, आणि त्याच्या मागोमाग बदलत्या दराच्या कर्जांचा दरही. साडेनऊ टक्क्यांनी २५ लाखांचं एका महिन्याचं नुसतं व्याजच १९,७९२ रुपये होतं, म्हणजे जुन्या हप्त्याहून जास्त. असा हप्ता जन्मभर भरला तरी मुद्दल हलत नाही. बँकांनी अशा वेळी बऱ्याचदा गुपचूप मुदत वाढवली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं दंडक घातला, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, का स्थिर दराकडे जायचं, हे कर्जदाराला विचारावं. २०२५ मध्ये रेपो पुन्हा उतरून वर्षअखेर सव्वापाचवर आला. उतरलेला दर पुन्हा चढू शकतो, म्हणून आजच्या दरात दीड-दोन टक्क्यांची भर घालून हप्ता झेपतो का हे आधी पाहायचं. बदलत्या दराच्या गृहकर्जाची रक्कम मुदतीआधी फेडली तर व्यक्तीला दंड बसत नाही, ही त्यातली सोयीची गोष्ट.

'घर घेतलं की टॅक्स वाचतो' हे वाक्य नोकरदारांच्या घरात अजून ऐकू येतं. व्याजावरची दोन लाखांची सूट जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराला ती मिळत नाही, आणि आता नवी प्रणालीच आपोआप लागू होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यातलं व्याज अनुदान मात्र हिशेबात धरण्याजोगं आहे. वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, देशात कुठेही पक्कं घर नाही, घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत असेल, तर पाच वार्षिक हप्त्यांत मिळून १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान मिळू शकतं.

या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, काम. काम कुठे आहे आणि किती वर्षं राहील? १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिलाच पुढे सगळे 'जुनी मिल' म्हणू लागले. गिरणीच्या भोंग्यावर शहराचं घड्याळ चालायचं. त्या काळी गिरणीत चिकटलेला माणूस आयुष्याला लागला असं समजत. नंतर गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, आणि भोंग्यावर भरवसा ठेवून घेतलेली देणी घरात राहिली. आजचा यंत्रमाग सुताच्या भावावर आणि निर्यातीवर हलतो. विडीच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा धोक्याच्या चित्रानं व्यापली आहे. हा धंदा उद्या बुडेल असं नाही, पण वीस वर्षांचं कर्ज त्याच्या भरवशावर काढताना घरात निदान एक मिळकत दुसऱ्या धंद्यातली असलेली बरी.

'कुठे' हाही तितकाच मोठा प्रश्न. कुंभारीत राहणारी विडीवाली घरात बसून विड्या वळते, तिला पान-तंबाखू आणायला आणि माल द्यायला तेवढं जावं लागतं. तिचा नवरा मागावर असेल तर त्याला रोज कारखाना गाठायचा असतो, रात्रपाळीलाही. एकाच घराचा खर्च दोघांना वेगळा पडतो. रोजचे साठ-सत्तर रुपये भाड्यात गेले तर महिन्याला अठराशेच्या आसपास होतात, म्हणजे ३,७६० च्या हप्त्यावर निम्मा हप्ता आणखी. घराच्या जाहिरातीत हा आकडा कधी छापून येत नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडला, हाच प्रश्न उलटा उभा असतो. मुलगा हिंजवडीत आणि आईवडिलांचा हट्ट की आधी सोलापुरात बंगला बांध. मुलाच्या नावावर इथे कर्ज, तिथे भाडं, आणि बंगल्यात दोन म्हातारी माणसं. मुलाची नोकरी अजून दोन-चार कंपन्या बदलणार असेल तर घर पुण्यात घेण्याचीही घाई नको. भाड्यानं राहणं म्हणजे पैसे वाया घालवणं हे सोलापुरी मत हिंजवडीत खरं ठरेलच असं नाही.

वयाचा हिशेब सगळ्यात कडक. पंचेचाळीसाव्या वर्षी १५ वर्षांचं कर्ज काढलं तर शेवटचा हप्ता साठीत. तोपर्यंत विडी वळणाऱ्या बोटांचं आणि डोळ्यांचं काय झालेलं असतं, हे पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत दिसतं. पीएफला जोडलेलं किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे आणि हप्ता ३,७६०. म्हणून बँक अर्जावर सहकर्जदार म्हणून मुलाची सही मागते. तो मुलगा बहुधा पुण्यातच असतो. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस धरून तो सोलापूरला येतो आणि शनिवारी सकाळी आईबरोबर बँकेच्या पायरीवर उभा राहतो. तो शनिवार दुसरा किंवा चौथा नसेल, तर सही होते.