स्वस्थ कोणास म्हणावें?

'स्वस्थ' या शब्दाची फोड केली, तर आपल्या ठायीं स्थिर असलेला, असा अर्थ निघतो. मग ज्याचें ठिकाणच पाण्याखालीं गेलें, त्यानें स्वस्थ कसें राहावें?

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि करमाळा, माढा, इंदापूर तालुक्यांतील कित्येक गांवें उठलीं. पळसदेवचें जुनें मंदिर पाणी फार ओसरलें म्हणजे अजून वर दिसतें. ज्वारीच्या जागीं ऊंस आला, घरांत पैसा आला. परंतु आपले तरुण नोकरीसाठीं पुण्यास जातात आणि पुण्याचें सांडपाणी मुळा-मुठेंतून आपल्या जलाशयांत येतें! दोन कांठांच्या सोयऱ्यांस भेटावयास होडीच जवळची. २१ मे २०२४ रोजीं कुगांवहून कळाशीस निघालेली होडी वादळांत उलटली व सहा जीव गेले.

उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांनीं हेंच दुःख भोगलें आहे. १९५३ सालीं कॅनडा सरकारनें त्यांचीं कांहीं कुटुंबें दूर उत्तरेस नेऊन वसविलीं. २०१० सालीं त्याबद्दल क्षमा मागितली. त्यांचे वृद्ध तरुणांच्या आरोग्याची गोष्ट निघाली, कीं औषधाबरोबरच मातृभाषा, शिकारीचें अन्न आणि वडीलधाऱ्यांसवें बर्फावर घालविलेले दिवस यांचें नांव घेतात.

आपणहि तसेंच करावें. उन्हाळ्यांत आजोबांनीं नातवंडांस कांठावर नेऊन जुनें गांव कोठें होतें तें दाखवावें. आणि शुद्ध पाणी व निर्धोक होडी यांची मागणी तरुणांनीं नेटानें करावी. ज्यास आपलें ठिकाण ठाऊक आहे, तोच त्यासाठीं भांडतो.