मेल्यावर केलेलं इच्छापत्र

तलाठी म्हणून तीस वर्षं वारसनोंदी केल्या. त्यामुळे मॅसॅच्युसेट्समध्ये लेकाकडे गेलो असताना अमेरिकन विहीणबाई म्हणाल्या, "आमचा मूळपुरुष १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून आला," तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "कागद आहे?"

होता. चांगली जाडजूड फाइल होती.

मूळपुरुष जॉन हाउलंड, इंग्लंडातल्या फेन्स्टँटनचा. जॉन कार्व्हरच्या पदरी नोकर म्हणून निघाला. वाटेत वादळात समुद्रात पडला, पण शिडाचा लोंबता दोर हाती लागला आणि वाचला. १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेले. हा गडी ऐंशीच्या घरात पोचला, दहा मुलं झाली.

घोळ होता तो बायकोच्या माहेराचा. एलिझाबेथ कार्व्हरच्या घरची लेक, असं घराण्यात सांगत आलेले. कार्व्हर प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर; असा सासरा कोणाला नको? १८३६ साली प्लिमथच्या टेकडीवर हाउलंडच्या नावाचा दगड बसवला, त्यावरही तेच कोरलं. आमच्याकडेही ऐकीव वंशावळी अशाच पक्क्या होतात.

पुढे १८५५ साली वसाहतीचा नंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याची हस्तलिखित बखर सापडली, तीही लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात. बॉस्टनच्या चर्चमधून ती अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत गहाळ झाली होती. तिच्या शेवटी कोण आलं, कोण मेलं, कोणाचं कोणाशी लग्न झालं, सगळी नोंद. एलिझाबेथ निघाली सहप्रवासी जॉन टिलीची मुलगी. आईबाप त्या पहिल्या हिवाळ्यात गेले तेव्हा पोर तेरा वर्षांची. हेन्लो गावच्या चर्चच्या वहीत तिचा १६०७चा बाप्तिस्माही आहे.

मग मीच एक चूक धरली. हाउलंडचा मृत्यू २३ फेब्रुवारी १६७२, इच्छापत्र २९ मे १६७२. म्हणजे मेल्यावर तीन महिन्यांनी सही! असा फेरफार आमच्याकडे तिथल्या तिथे नामंजूर झाला असता. विहीणबाई हसल्या. इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागायचं, १७५२ पर्यंत. आपल्या हिशेबानं तो फेब्रुवारी १६७३चा. म्हणून जाणकार १६७२/७३ असं जोडवर्ष लिहितात.

त्या इच्छापत्रानंच विहीणबाईंचं काम झालं होतं. त्यांची ओळ हाउलंडच्या होप नावाच्या मुलीकडून आलेली, आणि मुलगी सासरी गेली की आडनाव बदलतं, माग तिथेच तुटतो. इथे बापानं प्रत्येक लेकीला सासरच्या आडनावानिशी वीस-वीस शिलिंग लिहून ठेवलेले. रक्कम किरकोळ, पण नाव कागदावर राहिलं. हक्कसोडपत्रं लावून कित्येक बहिणींची नावं मीच सातबाऱ्यावरून कमी केली आहेत, ती आठवली.

'होप चिपमन' या दोन शब्दांखाली विहीणबाईंनी पेन्सिलीनं रेघ ओढली होती. बरीच जुनी असावी, पुसट झालेली.