विमान कोणाचं, वैमानिक कोणाचा?

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं. आमच्या कौंडण्यपुरात पारावर एकच चर्चा, "तिकीट किती गा?" मला मात्र भलताच प्रश्न पडला. हे विमान चालवणारा माणूस नोकरीला नेमका कोणाकडे आहे?

विमान होतं अलायन्स एअरचं. ही कंपनी १९९६ साली इंडियन एअरलाइन्सने पोटकंपनी म्हणून काढली. पुढे कित्येक वर्षं तिच्या फेऱ्यांची तिकिटं एअर इंडियाच्या नावाने विकली जात. वैमानिक मात्र एअर इंडियाच्या यादीत नव्हते. त्यांची भरती वेगळी, करार मुदतीचे, पगार वेगळा. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली आणि अलायन्स सरकारकडेच राहिली. नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचे, असा हा प्रकार. (रुक्मिणीला न्यायला आमच्या गावी रथ आला तेव्हा रथही कृष्णाचा होता आणि सारथी दारुकही त्याचाच. तेव्हा भानगड नव्हती!)

आपल्याला हे समजायला लांब जायला नको. २०१७ मध्ये एसटीने शिवशाही आणली. त्यातल्या बऱ्याच गाड्या ठेकेदाराच्या, ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर एसटीचा. बाहेर रंग आणि नाव महामंडळाचं. हेच आकाशात केलं की त्याला 'वेट लीज' म्हणतात. म्हणजे विमान भाड्याने घ्यायचं आणि चालवणारेही सोबतच घ्यायचे. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला फेऱ्या सुरू केल्या, त्या नॉर्स अटलांटिक या परदेशी कंपनीची बोइंग ७८७ विमानं आणि वैमानिक घेऊन. तिकीट इंडिगोचं.

आता यात वैमानिकांच्या संघटनेचं काय बिघडतं? ऐका. वैमानिकाचं सगळं आयुष्य ज्येष्ठता यादीवर चालतं. मोठं विमान कधी, कमांडर कधी, दिवाळीला घरी की हाँगकाँगला, हे सगळं यादीतल्या नंबरावर. कंपनीने त्याच मार्गावर दुसरी, स्वस्त यादी उभी केली की पहिल्या यादीची वाढ थांबते. शिवाय बोलणी फिसकटून तुम्ही संपावर गेलात तर विमानं उडतच राहतात. २०२१ च्या एसटी संपात आपण पाहिलंच, सरकारने खासगी गाड्यांना परवानगी दिली आणि बसस्थानकातूनच ट्रॅव्हल्स सुटू लागल्या.

म्हणून अमेरिकेतल्या वैमानिकांनी करारात एक कलम घालून घेतलं, त्याला 'स्कोप क्लॉज' म्हणतात. साध्या भाषेत: कंपनीच्या नावाने होणारं उड्डाण कंपनीच्या यादीतलाच वैमानिक करील, बाहेर द्यायचंच असेल तर अमुक आकाराच्या आतलं विमान, आणि तेही अमुक इतकीच. आज तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांत ही मर्यादा ७६ आसनं आणि ८६,००० पौंड, म्हणजे साधारण ३९ टन, कमाल उड्डाण वजन अशी आहे.

मेकॅनिकलवाल्यांनी इथे कान टवकारावेत. एम्ब्रेअरने ई१७५ ची नवी, कमी इंधन खाणारी आवृत्ती काढली. नवं इंजिन जड, त्यामुळे वजन मर्यादेबाहेर. अमेरिकेतल्या रीजनल कंपन्यांना ते घेता येईना, आणि काम पुढे ढकलावं लागलं. मित्सुबिशीच्या स्पेसजेटचंही तेच झालं. पहिला आराखडा जड ठरला, मग कलमात बसेल अशी दुसरी आवृत्ती कागदावर आली. इतर अडचणीही होत्याच, २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला. सगळ्यात मजेशीर सीआरजे-५५०. सत्तर आसनी विमानातून वीस खुर्च्या काढून २०१९ मध्ये ते युनायटेडच्या सेवेत आलं, कारण पन्नास आसनी विमानांचा कोटा वेगळा होता! रिकाम्या जागेत बॅगांची कपाटं. हे डिझाइन विंड टनेलमध्ये ठरलं नाही, वाटाघाटींच्या टेबलावर ठरलं.

पण या कलमाची दुसरी बाजूही आहे. बाहेरच्या यादीतला वैमानिक कुठे जाईल? २००१ मध्ये डेल्टाच्याच मालकीच्या कॉमएअर कंपनीतले वैमानिक चांगल्या पगारासाठी ८९ दिवस संपावर होते. मोठ्यांनी कुंपण घातलं की बाहेरचा बाहेरच राहतो, हे मला तरी खटकतं.

आपल्याकडे कुंपणाचं भांडण एकाच घरात झालं. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. कागदावर कंपनी एक, वैमानिकांच्या संघटना दोन. एप्रिल २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची संघटना, आयसीपीए, समान वेतनासाठी दहा दिवस संपावर गेली. पुढच्या मे महिन्यात जुन्या एअर इंडियाची इंडियन पायलट्स गिल्ड उठली. तिचं म्हणणं होतं, ड्रीमलायनर विमानं आमच्या कंपनीसाठी मागवलेली, त्यांचं प्रशिक्षण तिकडच्यांना दिलं तर आम्ही कमांडर होणार कधी? आधीच आम्हाला जास्त वर्षं लागतात. सुरुवात रजेच्या अर्जांनी झाली, सगळे एकदम आजारी! दिल्ली उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला, शंभरावर वैमानिकांना काढलं, संघटनेची मान्यता गेली. आयसीपीए या संपात नव्हती. व्यवस्थापनाने फेऱ्या कमी केल्या आणि उरलेल्या चालवल्या. ५८ दिवसांनी, ३ जुलै २०१२ ला, गिल्डने संप मागे घेतला.

त्याआधी सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजमध्ये याच्या उलट घडलं होतं. संघटना काढली म्हणून दोघांना नारळ दिला, तर शेकडो वैमानिक आजारी पडले. पाच दिवसांत काढलेल्यांना परत घेतलं गेलं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला कुठे विमान उडवायचंय? आमच्या मागच्या बॅचचे दोघं एकाच कारखान्यात, एकाच लाइनवर काम करतात. एकाच्या ओळखपत्रावर कंपनीचं नाव, दुसऱ्याच्या ठेकेदाराचं. डबा दोघं एकत्र खातात. पगारवाढीच्या बोलण्यांची नोटीस लागली की मात्र ती दोघांपैकी एकासाठीच असते.