लार्विक, मग क्रिस्तियानसान

नॉर्वेच्या महिला हँडबॉल लीगच्या विजेत्यांची यादी काढायला बसलं, तर २००५ ते २०१७ अशी सलग १३ वर्षं लार्विक आणि २०१८ ते २०२४ अशी सलग ७ वर्षं वायपर्स क्रिस्तियानसान. वीस मोसम आणि नावं दोनच. अशी लीग रटाळ असणार, असं कुणालाही वाटेल. पण ही दोन्ही गावं राजधानीपासून दूरची. लार्विक चाळीस-पन्नास हजार वस्तीचं, ‘कोन-टिकी’ तराफ्यावरून पॅसिफिक पार करणाऱ्या थोर हेयरडालचं जन्मगाव. क्रिस्तियानसान देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, लाखभर वस्तीचं. या गावांच्या संघांनी युरोप जिंकला आणि दोन्ही संघांना शेवटी पैशानेच गाठलं. महिलांच्या व्यावसायिक खेळाबद्दल यातून जे शिकायला मिळतं, ते एखाद्या श्रीमंत लीगकडून मिळणार नाही.

हा खेळ टीव्हीवर सोपा वाटतो. ४० बाय २० मीटरचं मैदान, एका बाजूला सात जणी, अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन सत्रं. जवळून पाहिलं की अंगावर काटा येतो. बोटांना राळेचा चिकट थर, म्हणून चेंडू एका हाताच्या पकडीत राहतो. विंगची खेळाडू सहा मीटरच्या रेषेबाहेरून उडी घेते आणि पाय जमिनीला लागायच्या आत हवेतूनच फेक करते. समोर गोलरक्षक हातमोज्यांशिवाय उभी. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच गोल तिने हातापायांनी, प्रसंगी तोंडावर चेंडू घेऊन राखायचा.

नॉर्वेत मुलींचा हा खेळ गावोगावच्या हॉलमध्ये वाढला. तिथे क्लब चालतो तो आईबापांच्या श्रमदानावर. कुणी सामन्याच्या दिवशी वाफल भाजून विकतं, कुणी दारोदार टॉयलेट पेपरचे गठ्ठे खपवतं, त्यातून मुलींच्या प्रवासाचा खर्च निघतो. लीगच्या नावावरूनही तिच्या पैशाचा माग लागतो. आधी टपाल खात्याचं नाव, मग एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं, आता रेमा १००० या किराणा दुकानांच्या साखळीचं. मला तिथली आणखी एक गोष्ट आवडते. संपूर्ण साखळीत जो अव्वल येतो, तोच लीगविजेता. प्ले-ऑफ वेगळी, राष्ट्रीय चषक वेगळा. हिवाळाभर सातत्याने खेळलेल्या संघाचं श्रेय एका वाईट संध्याकाळी हिरावलं जात नाही.

लार्विकने २०११ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. ती जिंकणारा हा नॉर्वेचा पहिला संघ. डावखुरी नोरा मर्क इथेच घडली. गुडघ्यांच्या अनेक शस्त्रक्रिया सोसूनही तिने पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण गळ्यात घातलं. २०१७ च्या सुमारास मात्र क्लबची तिजोरी रिकामी झाली, मोठ्या खेळाडू गेल्या आणि वर्चस्व संपलं.

मग वायपर्सची पाळी. २०२१, २०२२, २०२३ असे लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग किताब. पहिल्या वर्षी कोविडच्या निर्बंधांमुळे घरचे सामनेही परदेशात खेळायची वेळ आली होती. २०२३ ची अंतिम लढत बुडापेस्टमध्ये होती, म्हणजे प्रतिस्पर्धी फेरेन्त्सवारोशच्याच शहरात. तिथे वायपर्स २८-२४ ने जिंकले. गोलमध्ये होती कात्रिने लुंदे, क्रिस्तियानसानचीच मुलगी, वय ४३. डेन्मार्क आणि हंगेरीतल्या क्लबांकडून मिळवलेले किताब धरले तर चॅम्पियन्स लीगचा तिचा हा सातवा. या वयाची बाई निवडसमितीला आणि तरण्या नेमबाजांनाही पुरून उरते, हे पाहताना मला ऊर भरून आल्यासारखं होतं.

पण युरोपात जिंकायचं तर युरोपातले पगार द्यावे लागतात. लीगमधून येणारं उत्पन्न त्याला पुरत नाही, आणि दोन-चार प्रायोजकांनी हात आखडता घेतला की सगळा डोलारा डुगडुगतो. २०२४ च्या शरदात क्लब बंद पडता पडता वाचला. जानेवारी २०२५ मध्ये दिवाळं निघालंच. मोसम अर्ध्यावर असताना खेळाडू वाट फुटेल तिकडे गेल्या; लुंदे डेन्मार्कच्या ओडेन्सेकडे गेली. लीगच्या त्या मोसमातले वायपर्सचे निकाल रद्द झाले. माझ्या मते यात दोष एकट्या व्यवस्थापनाचा नव्हे. तीन वेळा युरोप जिंकणाऱ्या संघाचे पगार भागवू न शकणारी बाजारपेठ, हाही त्यातला एक आरोपी आहे.

आपल्याकडे २०२३ मध्ये पुरुषांची प्रीमियर हँडबॉल लीग झाली आणि पहिला किताब महाराष्ट्र आयर्नमेनने पटकावला. महिलांसाठी अशी लीग उभी करू पाहणाऱ्यांनी फ्रँचायझींच्या लिलावाआधी वाफल विकणाऱ्या त्या पालकांचा हिशेब समजून घ्यावा.

वायपर्स गेले तरी लीग थांबली नाही. हामार गावच्या स्टोरहामारने २०२४ मध्येच युरोपियन लीग जिंकली होती. बर्गनचा टर्टनेस, ट्रॉन्डहाइमचा ब्युओसेन हे जुने क्लब आहेतच. आणि वायपर्सच्या आधी जो पैशाच्या कचाट्यात सापडला होता, तो लार्विक तरुण मुलींना संधी देत आजही वरच्याच श्रेणीत खेळतो आहे.