छोट्या कामातून मिळालेली मोठी जागा

नऊ भावंडांत सर्वांत धाकटा असणे म्हणजे काय, हे मोठ्या कुटुंबात वाढलेल्यांना सांगावे लागत नाही. कपडे थोरल्यांचे, पुस्तके थोरल्यांची आणि तुलनाही थोरल्यांशीच. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील होमवूड गावचा आमीर अब्दुल्लाह अशाच एका मुस्लिम घरातला नववा मुलगा. थोरली आठही भावंडे पदवीपर्यंत शिकलेली. आमीरला मात्र अभ्यासाबरोबर अमेरिकन फुटबॉलचेही वेड होते. त्या वेडाला वाट कशी मिळाली, हे आपल्या घरातील मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी वाचावे असे आहे.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही. लांबट चेंडू हातात घेऊन समोरच्या संघाच्या हद्दीत शिरायचे आणि विरोधकांनी धरून पाडायचे, असा हा खेळ. कबड्डीतली चढाई डोळ्यांसमोर आणली तर त्याची थोडी कल्पना येईल. अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांचे सामनेही प्रचंड गर्दीत होतात. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन शहरातील मैदानाची तिकिटे १९६२ सालापासून प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत. ऐंशी हजारांहून अधिक लोक तिथे लाल कपडे घालून बसतात. २०११ साली अठरा वर्षांचा आमीर या मैदानावर उतरला.

बचावात नव्हे, धावायचे आहे

आमीरची उंची पाच फूट नऊ इंच. या खेळात ही उंची ठेंगणीच समजली जाते. शाळेत तो चेंडू घेऊन धावणारा गडी होता. या जागेला रनिंग बॅक म्हणतात. त्याच्या भागातील मोठ्या विद्यापीठांना मात्र तो बचावफळीत हवा होता. त्याने घरापासून दूर असलेले नेब्रास्का निवडले, कारण तिथे त्याला धावण्याची संधी मिळणार होती.

पण संधी म्हणजे जागा नव्हे. नेब्रास्काकडे रेक्स बर्कहेड हा कसलेला धावपटू होता. त्याच वर्षी आमीरबरोबर आणखी नवे धावपटूही संघात आले होते. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या वाट्याला मुख्य जागा येणे अवघड होते. त्याच्याकडे आले ते विरोधकांनी लाथाडलेला चेंडू झेलून परत आणण्याचे काम.

जोखमीचे काम

या खेळात संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तीन फसले की बहुतेक संघ चौथ्या वेळी चेंडू उंच लाथाडून दूर पाठवतात. याला पंट म्हणतात. सामन्याच्या किंवा उत्तरार्धाच्या आरंभी आणि गुण झाल्यानंतर जो चेंडू मारतात, तो किकऑफ. दोन्ही वेळा पलीकडे एक मुलगा एकटा उभा असतो. चेंडू झेलून त्याला जमेल तितके पुढे धावायचे असते.

यात पंट अधिक अवघड. चेंडू आकाशात असतो, नजर वर असते आणि समोरून विरोधक पूर्ण वेगाने अंगावर येत असतात. धावणे शक्य नसेल तर चेंडू खाली येण्याआधी हात हलवून तशी खूण करता येते. मग त्याला कोणी अडवत नाही, पण चेंडू झेलला तिथूनच खेळ सुरू होतो. धावायचे की थांबायचे, हे क्षणात ठरवावे लागते. झेल निसटला तर चेंडू विरोधकांच्या हाती पडण्याचा धोका असतो. मग सारे मैदान त्या एकाच मुलाकडे पाहते.

प्रशिक्षक हे काम नव्या मुलांना देतात, त्याला कारण आहे. संघाच्या साऱ्या डावपेचांची वही पाठ व्हायला महिने लागतात. चेंडू परत आणायला मात्र वेग, नजर आणि धीर असला तरी सुरुवात करता येते. मुलगा दडपणाखाली कसा वागतो, तेही यातून दिसते.

१० सप्टेंबर २०११ रोजी फ्रेस्नो स्टेट संघाविरुद्ध आमीरने किकऑफचा चेंडू घेतला आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, धावत नेला. त्या एका सामन्यात किकऑफवर त्याने २११ यार्ड मिळवले. विद्यापीठाचा तो विक्रम ठरला. नेब्रास्काने सामना ४२-२९ असा जिंकला.

तरीही मुख्य जागा लगेच मिळाली नाही. त्या संपूर्ण वर्षात रनिंग बॅक म्हणून तो फक्त १५० यार्ड धावला. बाकी वेळ त्याने नेमून दिलेले काम केले आणि वाट पाहिली.

दार उघडले तेव्हा

२०१२ च्या पहिल्याच सामन्यात बर्कहेडचा गुडघा दुखावला. आता धावायचे कोणी? आमीर तयार होता. त्या वर्षी तो १,१३७ यार्ड धावला. पंट परत आणण्याचे काम त्याने सोडले नाही. त्याच हंगामात एका पंटवर ८१ यार्ड धावत त्याने थेट गुण मिळवले. चेंडू हातातून निसटतो, ही तक्रार त्याच्याबद्दल होत असे. ती दूर करण्यासाठीही त्याला मेहनत घ्यावी लागली. २०१३ मध्ये तो १,६९० यार्डांवर पोहोचला.

आता व्यावसायिक संघांचे दार समोर होते. पैसा होता, नाव होते. जानेवारी २०१४ मध्ये त्याने जाहीर केले की तो विद्यापीठात आणखी एक वर्ष राहील. इतिहास हा त्याचा विषय होता आणि थोरल्या आठ भावंडांच्या पदव्या घरात होत्या. त्याच उन्हाळ्यात शिकागोतील एका समारंभात सर्व खेळाडूंच्या वतीने बोलण्याचा मान त्याला मिळाला. खेळाडूंच्या त्या मेळाव्यात तो शिक्षणाच्या महत्त्वाबद्दल बोलला.

हा निर्णय धोक्याचा होता. या खेळात एक दुखापत सारे संपवू शकते. पण शेवटच्या वर्षीही तो १,६११ यार्ड धावला. चार वर्षांची बेरीज ४,५८८ झाली. नेब्रास्काच्या इतिहासात तोवर त्याच्या पुढे फक्त माइक रोझियर होता. सलग तीन हंगामांत हजार यार्ड ओलांडणारा नेब्रास्काचा तो पहिलाच खेळाडू.

पुन्हा तेच काम

२०१५ मध्ये डेट्रॉइट लायन्सने त्याला दुसऱ्या फेरीत निवडले. पहिल्याच व्यावसायिक सामन्यात, पहिल्यांदा चेंडू हाती येताच तो २४ यार्ड धावून गुण घेऊन आला. पुढे दुखापती आल्या, स्पर्धा आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये संघाने त्याला मोकळे केले. मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाने त्याला घेतले, ते प्रामुख्याने चेंडू परत आणण्यासाठी. अठराव्या वर्षी मिळालेले काम पंचविशीत पुन्हा समोर आले. ते कमी प्रतीचे मानून त्याने नाकारले असते, तर कदाचित त्याचा खेळ तिथेच संपला असता. त्याने ते स्वीकारले आणि पुढेही अनेक वर्षे तो व्यावसायिक संघांतून खेळत राहिला.

आपल्या घरात खेळाचे वेड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर दोन गोष्टी आठवाव्यात. संघात मिळालेली जागा लहान आहे म्हणून त्यांना नाराज होऊ देऊ नका. ते काम नीट करायला शिकवा. आणि खेळ की तालीम, असा सवाल घरात उभा राहिला, तर एकासाठी दुसरे तोडण्याची घाई करू नका. आमीरने मैदान सोडले नाही आणि वर्गही सोडला नाही. त्यासाठी एक वर्ष जास्त लागले. ते वर्ष वाया गेले नाही.